ओढणीआडचा रणगाडा

त्यानं अंगठी घातली ती सगळ्यांसमोर, साखरपुड्यात. पिन दिली ती नंतर, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कॅफेत, बराच वेळ खिशात हात घालून बसल्यावर. कोटाच्या कॉलरला लावतात तसली छोटी पिन होती, प्लास्टिकच्या पिशवीत. पितळेची कड, आत गडद हिरवा रंग, आणि एका बाजूला पुढे आलेली बारीक नळी. रणगाडा होता.

“सेंच्युरियन,” तो म्हणाला. “पासष्टच्या लढाईतला. माझ्याकडे पुष्कळ रणगाड्यांच्या पिना आहेत, पण ही सगळ्यात आवडती.”

“मग मला का देताय?”

त्यानं वर बघितलंच नाही. “आवडती आहे म्हणून.”

आमचं ठरवून जमलेलं लग्न होतं. तो मूळचा बार्शीचा, पुण्यात एका कारखान्यात इंजिनीअर. मी सोलापूरची, टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात इंग्रजी मेल लिहिण्याच्या कामावर. मला माणसांशी बोलायला जमत नाही, लिहायला जमतं, म्हणून ते काम मला बरं वाटतं. त्यालाही बोलायला जमत नव्हतं. पहिल्या फोनवर दोघंही इतका वेळ गप्प बसलो की शेवटी त्यानं विचारलं, “तुम्हाला रणगाडे आवडतात का?” मी इतक्या मोठ्यानं हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

त्यानंतर तो रणगाड्यांबद्दलच बोलत राहिला. शाळेच्या सहलीत नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय बघितलं तेव्हापासून त्याला ते वेड होतं. पंजाबात उसाच्या फडांमध्ये हे सेंच्युरियन लपून बसले होते, शेतांत पाणी सोडलं होतं आणि समोरचे रणगाडे चिखलात रुतले, हे त्यानंच सांगितलं. मी विचारलं, “ऊस म्हणजे आमच्या अकलूजसारखा?” माझे धाकटे काका अकलूजला असतात. तो म्हणाला, “अगदी तसाच.” मग अकलूजच्या रस्त्याला मला प्रत्येक फडात एक रणगाडा दिसायला लागला. लग्नानंतर आधी नगरला जायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, लोक महाबळेश्वरला जातात. तो म्हणाला, “तिथं एकही रणगाडा नाही. काय बघायचं?”

तोवर आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो होतो. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, तो देवनागरीत उत्तर द्यायचा. शाळेत मी मराठीत कशीबशी पास झालेली. त्याचे मेसेज मी दोनदा-तीनदा वाचायचे, एकदा कळावं म्हणून आणि मग उगाच.

पिन मी रोज लावायचे. कुर्त्याच्या गळ्याशी, डाव्या बाजूला, वरून ओढणी. दिसली असती तर ऑफिसात कुणीतरी विचारलं असतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं. माझ्याकडे फक्त माझं असं फार काही कधी नव्हतं. पिनेची सुई कापडातून आत यायची आणि तिच्यावर काळ्या रबराची टोपी बसायची. ती टोपी दिवसभर गळ्याच्या हाडाखाली टेकलेली असायची. उन्हाळा होता, सोलापूरचा. घामानं तिथं खाज सुटायची. मी खाजवायचे आणि परत ओढणी सारखी करायचे.

आत्याबद्दल मी त्याला स्वतःहून सांगितलं होतं. बाबांची मोठी बहीण आमच्याकडेच राहते. तिला तरुणपणापासून कोड आहे, हातांवर, ओठांवर, आता मानेवरही. तिचं लग्न झालं नाही. युनिफॉर्मच्या कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे येतात, त्यांची काज-बटणं ती घरी बसून करते. मला बघायला पाहुणे येणार असले की ती आदल्या दिवशी पिशवी भरायची. “धाकट्याकडं जाऊन येते अकलूजला. लई दिवस झालं गेले नाही.” तिला जा असं कुणी म्हणत नसे. थांब असंही कुणी म्हणत नसे.

मी हे सांगितलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, “मग त्यात काय? लग्नात आत्यांना पुढे बसवू.” त्या दिवशी मला तो खऱ्या अर्थानं आवडला.

बस्त्याला त्याची आई आणि मावशी आल्या. दुकानात गादीवर शालू उलगडत होते. त्याच्या आईला एक जांभळा आवडला. “ओढणी काढ बरं, खांद्यावर टाकून बघू.” मी ओढणी काढायच्या आधी पिन हळूच पर्समध्ये टाकली. कुर्त्याचा गळा जरा सरकला. मावशींनी पदर खांद्यावर ठेवता ठेवता हात थांबवला.

“हे काय गं पोरी?”

मी खाली बघितलं. हाडाखाली शर्टाच्या बटणाएवढा पांढुरका डाग होता. मी आरशात इतकं नीट कधी बघतच नाही.

“भाजलंय का?” त्याच्या आईनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

माझी आई पटकन म्हणाली, “उन्हानं असेल हो.” मावशी म्हणाल्या, “ऊन काय एवढंसंच पडतं व्हय?” दुकानदार शालू हातात धरून उभा. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग त्याची आई म्हणाली, “आज राहू दे. डोकं दुखतंय माझं.” जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, ते मला जास्त लागलं.

लग्न जमवणाऱ्या काकांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. बाबा “हो, हो” करत ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, “आक्काचं त्यांना माहीत आहे. आता पोरीलाही आहे म्हणतायत.” आत्या दारातच बसली होती. तिनं दात लावून दोरा तोडला आणि पुढचा शर्ट घेतला.

आई मला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी डाग बघितला, भिंग लावलं. “इथं काय लावता?”

“काही नाही लावत ती,” आई म्हणाली.

मी पर्समधून पिन काढून टेबलावर ठेवली.

“हे काय आहे?” आई.

“रणगाडा.”

“अगं, पण कुणाचा?”

डॉक्टर हसले. त्यांनी पिन उलटी केली, रबराची टोपी ओढून काढली, डागावर धरून बघितली. बरोबर बसली. “टिकलीनं बायकांच्या कपाळाला पांढरा डाग पडतो ना, तसंच हे. रबर आणि घाम. कोड नाही.”

“जाईल ना?” आईनं विचारलं.

“बहुतेक जाईल. वेळ लागतो. एखाद्याचा नाहीही जात.”

आईनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. घरात पाऊल टाकलं आणि चप्पल काढायच्या आत ओरडली, “अहो, तसलं काही नाही! नुसतं रबर आहे, रबर! आपल्या पोरीला तसलं काही नाही!”

आत्या बटणं मोजत होती. “बरं झालं बाई,” ती म्हणाली. आणि तिनं हात पदराखाली घेतला. आमच्या घरात ती हात कधीच झाकत नसे.

रविवारी आम्ही बार्शीला गेलो. तोही पुण्याहून आला होता. त्याच्या घरच्या हॉलमध्ये बाबांनी खिशातून पिन काढून टीपॉयवर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं, टिकलीसकट. माझ्या बटणाएवढ्या डागाबद्दल इतकी माणसं बोलत होती आणि मी सोफ्याच्या कोपऱ्यात ओढणी धरून बसले होते. त्याच्या वडिलांनी पिन हातात घेतली.

“ही तू दिलीस?”

“हो,” तो म्हणाला.

“लोक पैंजण देतात रे. रणगाडा दिलास?”

सगळे हसले. तोही हसला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सुटलो.

मग त्याची आई बोलली. ती काही वाईट बाई नव्हती. आवाजही चढवला नाही. “पोरगी गोड आहे, मला आवडलीय. खोटं कशाला बोलू? पण घरात एकाला आहे, आणि हिलाही डाग आलाय. डॉक्टर म्हणतात जाईल. मग जाऊ दे की. थांबू आपण. गेला की लगेच तारीख धरू.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो पिनेकडे बघत होता. “थोडं थांबायला काय हरकत आहे?” तो म्हणाला. “जाणारच आहे ना.”

बाबांना ते चांगलंच वाटलं. परतीच्या रस्त्यावर ते म्हणत होते, “समजूतदार माणसं आहेत. दुसरा कुणी असता तर तिथंच मोडलं असतं.”

मग थांबणं सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ मलम. आई मला खिडकीशी उभी करून बघायची, “कड जरा बुजल्यासारखी वाटतीय, नाही?” त्याच्या आईनं फोटो मागितला. मी पाठवला, चेहरा येणार नाही असा. आठवड्यानं परत मागितला. मग ती त्याच्यामार्फत मागायला लागली. त्याचा मेसेज यायचा, “कसा आहे?” आधी मला वाटलं ऑफिसबद्दल विचारतोय, दिवसाबद्दल. डाग कसा आहे, असं विचारत होता. मी फोटो पाठवायचे. तो लिहायचा, “मागच्यापेक्षा बरा वाटतोय.” पुढे एक हसरा चेहरा.

एका रविवारी दुपारी मी फोनवर विचारलं, “नाही गेला तर?”

“जाईल गं. डॉक्टर म्हणालेत ना.”

“समजा नाही गेला.”

“असं उलटं का बोलतेस?”

“उलटं नाही. विचारतेय.”

पलीकडे त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मी वाट बघितली. मला एक शब्द हवा होता, अर्धाही चालला असता. मग मीच म्हटलं, “आत्याचं सांगितलं तेव्हा तू म्हणाला होतास, त्यात काय.”

“अगं, आत्यांचं वेगळं आहे ना.”

“वेगळं कसं?”

“त्या... म्हणजे, आत्यांशी काय आपल्याला...” तो थांबला. “तू विचार करू नको एवढा. सगळं नीट होईल.”

“ठीक आहे,” मी म्हटलं.

त्याला ते खरंच ठीक वाटलं. त्याचा आवाज मोकळा झाला आणि तो एका नव्या पिनेबद्दल सांगायला लागला. पाण्यात तरंगणारा रणगाडा होता, रशियन बनावटीचा, नद्या ओलांडायचा. मी सगळं ऐकलं. मध्ये दोन प्रश्नही विचारले. तो इतक्या आनंदानं सांगत होता, आणि मला ते सगळं अजूनही आवडत होतं, हेच फार वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही.

“अगं, ते कुठं नाही म्हणालेत?”

“मी म्हणतेय.”

आईनं कपाळावर हात मारला. “कधी तोंड उघडत नाही, आणि उघडलं ते हे बोलायला!”

त्याचे फोन येत राहिले. मी एकदा घेतला. “मी कधी नाही म्हणालो का?” त्यानं विचारलं. “नाही म्हणालास,” मी म्हटलं. “मग?” मला नीट सांगता आलं नाही. इंग्रजीतही नसतं आलं. तो म्हणाला, “एवढ्याशा डागावरून तू मोडतेयस,” आणि त्याचा आवाज फुटला. मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले. फोन त्यानंच ठेवला.

लग्न जमवणारे काका पिशवी घेऊन येऊन गेले. त्यांच्या साड्या, अंगठी, सगळं परत गेलं. आमचं परत आलं. पिन कुणी मागितली नव्हती. ती त्याची सगळ्यात आवडती होती, म्हणून मीच तिच्या पिशवीत घालून साडीवर ठेवली. रबराची टोपी डॉक्टरांकडेच राहिली होती.

पावसाळा संपता संपता डागाच्या कडेनं बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले. मग ते आत सरकले. दिवाळीच्या आधी आईनं मला खिडकीशी ओढलं, कुर्त्याचा गळा बाजूला केला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “गेला गं! गेला की! फोन करू काकांना? अजून कुठं जमलेलं नाही त्याचं, मी विचारलंय.”

“नको.”

“का पण? आता काय आहे?”

“नको, आई.”

ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. मी बाहेरच्या खोलीत आत्याजवळ जाऊन बसले. तिच्या मांडीवर पांढरा शाळेचा शर्ट होता. तिला सगळं ऐकू गेलं होतं. हातातलं बटण तिनं पुरं केलं.

“माझ्यापायी मोडलंस काय?” तिनं विचारलं.

“नाही आत्या.”

“खरं सांग.”

“नाही. तो एकदा जरी म्हणाला असता ना, राहिला डाग तर राहू दे, तर मी त्याच दिवशी गेले असते. थांबले नसते. पळत गेले असते.” माझा आवाज मला ओळखू येईना. “अजूनही जाईन.”

आत्यानं सुई पदराला टोचून ठेवली आणि शर्ट बाजूला सारला. “मग रड की. लई दिवस झालं, कोरडीच फिरतीयस.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आवाज ऐकून आतून आईनं विचारलं, “कोण आलंय का गं?”

“कुणी न्हाय,” आत्या म्हणाली. “तुझं तू चालू दे.”