विकाऊ घरात न बसणारा माणूस

कुणावरही तिळमात्र विश्वास न ठेवता माणूस सुखाने जगू शकतो, हे आमच्या बेळगावात फक्त माझ्या बायकोच्या मावसभावाने सिद्ध केले आहे. त्यात धंदा जागांच्या एजंटाचा. म्हणजे दर वाक्याला ‘विश्वास ठेवा’ म्हणावे लागते. तो म्हणतोही. ऐकणाऱ्याने ठेवावा, एवढीच त्याची अपेक्षा. सगळे त्याला अण्णा म्हणतात.

बेळगुंदीकडचा एखादा प्लॉट विकायला घेण्याआधी अण्णा तिथे एकटाच जातो आणि शेजारच्या घरी प्यायला पाणी मागतो. पाणी मिळाले तर शेजार चांगला. पण पाण्याबरोबर गूळही आला की हा सावध होतो. ‘गूळ कशाला दिला? वाटंचं भांडण असणार.’ एकदा खरेच वाटेचे भांडण निघाले, आणि तेव्हापासून त्याच्या लेखी गोड बोलणारे सगळे संशयित झाले. ताज्या रंगाचा वास आला की त्याचे नाक फुलते. घरमालक पूर्वजांची कीर्ती सांगत असतो तेव्हा हा स्कूटरची किल्ली भिंतीवर टकटक वाजवत कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकत फिरतो. आणि विकाऊ घरात तो कधी बसत नाही. ‘बसलं की चहा येतोय, चहा आला की मालक चांगला वाटतोय, आणि मालक चांगला वाटला की भिंतीवरची चीर दिसत न्हाय.’

दर रविवारी उद्यमबागेतल्या एका रिकाम्या गाळ्यात तो नव्या एजंटांना स्फूर्ती देतो. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. कोट घालून, हात पसरून यश वाटणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले आहेत. हा खांबाला पाठ लावून उभा होता, मागून कुणी येऊ नये म्हणून असावे. म्हणाला, ‘रोज सकाळी आरशासमोर उभं ऱ्हावा आणि विचारा, ह्यो माणूस भाड्यानं खोली मागाय आला तर मी देईन काय? देणार नसशीला तर दाढी करा आणि परत विचारा.’ पोरे हसली. अण्णा हसला नाही. मग त्याने धंद्याचे सार सांगितले. ‘वाहवा करतंय ते गिऱ्हाईक घेत न्हाय. नावं ठेवतंय तेच घेतंय. आणि मालक लपवाय लागला की समजा, त्याला खरंच विकायचं हाय.’

पुढे आमचेच घर विकायची वेळ आली. मुलगा पुण्यात. ‘दोघंच तिकडे कशाला राहता? घर विका आणि या,’ म्हणाला, आणि आम्ही हो म्हणालो. बायको लगेच कामाला लागली. मोठी पातेली वाटूनसुद्धा टाकली. घर अण्णाकडे सोपवले. गिऱ्हाइके येत आणि नाहीशी होत. अण्णा आपला दारात उभा. ना घराचे कौतुक, ना भावाची घासाघीस. शेवटी एक फाउंड्रीवाले आले. स्वयंपाकघर अंधारे म्हणाले, जिना अरुंद म्हणाले, नाक मुरडून सगळे घर फिरले. अण्णाच्या शास्त्राप्रमाणे व्यवहार झालाच होता. पण तेही परत आले नाहीत. तेव्हा मात्र अण्णाचा रोग मला लागला. कुणी घेत नाही असे दाखवून, भाव पाडून, हे घर स्वतःच गिळायचा याचा बेत असणार.

मी सरळ विचारले, ‘अण्णा, खरं सांग. घर तुलाच पाहिजे काय?’

‘मला? न्हाय ओ दाजी.’ तो उंबऱ्यातच उभा होता. ‘मागच्या खोलीतली ओल त्या फाउंड्रीवाल्यास्नी कुणी दाखविली?’

‘मी. लपवायचं कशाला?’

‘व्हय की. त्याच्या आदीच्यालाबी दाखविलासा, दिवा लावून. त्या बँकेतल्या बाईंना तर सांगितलासा, पावसात हितं बादली ठेवावी लागतीय.’

‘याला प्रामाणिकपणा म्हणतात.’

‘प्रामाणिक मालक विचारल्यावर सांगतोय, दाजी. तुम्ही गिऱ्हाइकानं चप्पल काढायच्या आदी सांगतासा.’ त्याने किल्ली बोटाभोवती फिरवली. ‘तुमास्नी ह्ये घर विकायचं न्हाय. मला पैल्याच गिऱ्हाइकाला कळलंतं. पण म्हटलं, आपला सौंशयी स्वभाव, उगंच कशाला बोला.’

‘आणि माझी पातेली गेली त्याचं काय रं?’ बायको स्वयंपाकघरातून ओरडली. पण त्या आवाजात राग नव्हता. उलट बऱ्याच दिवसांनी तो मोकळा वाटला.

मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न होताच. पण अण्णाने चप्पल काढली, आत आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. ‘आक्का, च्या टाक,’ म्हणाला. दलाली बुडाल्याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधले, सापडले नाही. निम्म्या गावाला घरे मिळवून देणारा हा माणूस स्वतः अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बघितलेल्या प्रत्येक घरात त्याला काही ना काही दिसलेच. आधी तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, सवय नसल्यासारखा. मग हळूहळू मागे सरकला. चहा येईपर्यंत त्याने डोके आमच्या भिंतीला टेकले होते. किल्ली हातातच होती. त्याने ती वाजवली नाही.