छापाचं सोनं

सोन्याचा भाव ऐकून ज्याला हसू येतं असा माणूस अख्ख्या शेवगाव तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. हल्ली भाव असा काही चढलाय की सकाळी मोबाईल उघडला की निम्मं गाव हळहळतं, कारण सोनं घेतलं नव्हतं. आणि उरलेलं निम्मं गाव मिशीला पीळ देतं, कारण घेतलं होतं. मामा चहाच्या टपरीवर बसून तो भाव नीट ऐकून घेतात, गालातल्या गालात हसतात आणि म्हणतात, "हा वजनाचा भाव झाला. छापाचा कुटं सांगितला?" मामा तसे ऊस आणि कापूस पिकवणारे बागाईतदार, पण कपाशीचा भाव त्यांनी कधी एवढ्या तत्त्वज्ञानाने ऐकल्याचं मला आठवत नाही. त्यांचा सगळा जीव सोन्याच्या स्मारक नाण्यांत. कुणाची जन्मशताब्दी झाली, एखाद्या जुन्या पुलाला शंभर वर्षं झाली, कुठल्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की त्या निमित्तानं जी खास नाणी काढतात, ती. नाण्यातलं सोनं हा त्यांच्या लेखी केवळ कागद, त्याच्यावर उठलेला छाप हा खरा मजकूर. "बिनछापाचं सोनं म्हंजी बिननावाचा बैल," ते म्हणतात. "ताकद आसंल त्याच्यात, पन हाक काय म्हनून मारनार?"

मामांनी या एका हिशेबात सगळं जग बसवून टाकलं आहे. माणसं दोन प्रकारची, वजनाची आणि छापाची. आमदार झाले तरी काही जण त्यांच्या मते नुसते वजनाचे. आणि गावातला एक पोटभर जेवायची मारामार असलेला सनईवाला मात्र अस्सल छापाचा. मी बायकोला बघायला गेलो तेव्हा घरातल्या मंडळींनी माझा पगार, शेती, घर अशी चौकशी केली. मामांनी मला दारातल्या उजेडात उभं केलं, एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिलं आणि आत जाऊन निकाल दिला, "वजनाला हलका हाय, पन छाप बरा उठलाय." त्यावर लग्न ठरलं. पुढे कित्येक दिवस मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहत असे.

नाणी बघणं हा त्यांच्या घरी एक विधी आहे. आधी हात साबणाने धुवायचे. चिवड्याच्या बशा आत जातात. दार लागतं, पंखा बंद होतो, आणि शेवगावच्या उन्हाळ्यात पंखा बंद म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. मग मामा पांढरे हातमोजे चढवतात. ते त्यांनी वरातीतल्या एका बँडवाल्याकडून मागून घेतलेले आहेत, त्यामुळे मनगटाला लाल झालर आहे. डबी उघडली की कुणी बोलायचं नाही, कारण बोलताना थुंकी उडते. एकदा एक तलाठी ऐन वेळी शिंकले. त्यांना त्या घरात पुन्हा नाणं दिसलं नाही. हे सगळं मी आधी हसण्यावारी नेत होतो. पण एका दुपारी मामांनी माझ्या डोळ्याला भिंग लावलं आणि खाली एक नाणं धरलं. कुठल्याशा दूरच्या दीपगृहाच्या शताब्दीचं. नखाएवढ्या जागेत समुद्र होता. लाटेवर लाट होती, दीपगृहाला खिडक्या होत्या, आणि वरच्या खिडकीत एक माणूस उभा होता. घामाने माझा शर्ट अंगाला चिकटला होता आणि मी श्वास धरून बघत राहिलो. मामांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी ते कानाशी पुटपुटले, "त्यो दिवा लावनारा. लई कमी लोकास्नी दिसतो." मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला सोन्याचा भाव आठवला नाही.

भाव आठवायचा तो मामींना. लग्नात मामींच्या अंगावर पुतळीहार घालायचा राहिला होता, तो मामा पुढे करणार होते. पुतळीहार म्हणजे सोन्याच्या गोल चकत्यांची माळ, आमच्याकडे भरल्या घरच्या बाईच्या गळ्यात ती असतेच. पण हारापुरती जुळवाजुळव झाली की नेमकं कुठेतरी काहीतरी शंभर वर्षांचं होई आणि मामा नाणं घेऊन येत. "छापाला भाव येऊ दे," ते सांगत, "मग एका नान्यात दोन हार करतो." मामी भांडल्या नाहीत. दुसऱ्यांच्या लग्नात पदर जरा वर ओढून गळा झाकून बसायची त्यांना सवय लागली, एवढंच. काही वर्षांपूर्वी नातीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्या मामांसमोर येऊन बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आवं, ह्या लग्नात तरी एक डाग गळ्यात आसू द्या." डाग म्हणजे दागिना. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला, "जावईबापू, नगरला नान्यांचं प्रदर्शन हाय. गाडी काढा."

मामा, मामी आणि मी, आम्ही तिघं गेलो. एका मंगल कार्यालयात टेबलं मांडून संग्राहक बसले होते. त्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी मामांचं दीपगृह हातात घेतलं, दिव्याखाली तिरकं केलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "यावर बारीक चरे आहेत. अक्षरांत पिवळं काहीतरी बसलंय. कुणी घासलं हे?"

"मीच," मामा अभिमानाने म्हणाले. "दर लक्ष्मीपूजनाला. चिंच लावून घासतो, दुधानं धुतो, हळद-कुंकू वाहतो."

ते गृहस्थ मामांकडे आणि त्यांच्या झालरीच्या हातमोज्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. वर्षभर ज्यावर श्वास पडू दिला नाही त्या नाण्याला दिवाळीला चिंचेने घासणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. "काका, नाणं कधी धुवायचं नसतं हो."

"मंग पारोशी लक्ष्मी पाटावर बसवायची का?" मामांनी विचारलं. आंघोळीवाचून लक्ष्मी पूजेला बसवणं त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

गृहस्थ भले होते. त्यांनी समजावून सांगितलं की नाणं कोरं राहिलं असतं तर एखाद्या हौशी माणसाने सोन्याहून चार पैसे वर दिले असते, तोही सापडला तर. आता मात्र ते सोन्याच्या भावानेच जाईल. बाकीची नाणीही त्यांनी पाहिली. "सगळ्यांनाच डाग आहे," ते हळूच म्हणाले.

मामींनी तेवढंच ऐकलं. "मंग मला त्योच पायजे हाय की," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मामांनी नाणी डब्यांत भरली आणि आम्ही सराफाकडे गेलो. सराफाने ती तोलली, आटवून किती पुतळ्या होतील ते सांगितलं आणि आतल्या कारागिराला हाक मारली. मामा बाकावर बसून होते. आयुष्यभर ज्याला ते नुसतं वजन म्हणत आले, ते आता तराजूत पडलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. कारागिराने दीपगृह उचललं तेव्हा मामींनी हात आडवा घातला. "आटवू नका. समद्यास्नी वरून कडी लावा, हाय तशी ववा." मग मामांकडे न बघता म्हणाल्या, "समिंदर हाय त्याच्यात. मी बी एवढी वर्सं बघती हाय."

मामांनी डोळे पुसले, अगदी सगळ्यांसमोर. संग्राहकाच्या लेखी नाण्याला कडी लावणं म्हणजे त्याचा गळा कापणं, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक? तरी प्रत्येक नाण्याला कडी कुठे बसवायची ते त्यांनी स्वतः कारागिराशेजारी उभं राहून दाखवलं, अक्षराला धक्का न लावता. नातीच्या लग्नात मामी पदर खाली घेऊन बसल्या होत्या. बायका येऊन एकेक नाणं बोटांनी उलटंपालटं करत होत्या आणि मामा लांबून बघत होते.

आता शेवगावला गेलो की मामा मला नाणी दाखवतात ती मामींच्या गळ्यातच. मामी खिडकीशी येऊन उभ्या राहतात, मान पुढे करतात, आणि मामा एकेक नाणं उजेडाला धरून त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचतात. मध्येच मामी म्हणतात, "आटपा, चुलीवर दूध हाय," पण हलत नाहीत. गेल्या खेपेला मी जवळून पाहिलं. अंगावर वागवून अक्षरं पुसट झाली आहेत आणि मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ते पुलाच्या नाण्यावर दीपगृह वाचत होते. सगळं तोंडपाठच आहे त्यांना. मामींना ते कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली, सांगू नका म्हणून, आणि मान पुन्हा होती तशी उजेडात धरून ठेवली.