दातांच्या दवाखान्यातली बत्तीस एमबी

हल्लीच्या लॅपटॉपांचा मला राग येतो. आत रॅम डकवूनच येते आणि बिघडली की अख्खा बोर्ड बदला म्हणतात. परवा भाच्याचा लॅपटॉप उघडला, पाहिला आणि झाकण परत लावून टाकलं. ज्या मशीनमध्ये माणसाला बोट घालायला जागा नाही ते दुरुस्त करण्यात कसली मजा? आमच्या वेळी रॅमची पट्टी हातात यायची. कंगव्याएवढी लांब, वर काळ्या चिप्स, खालच्या कडेला सोनेरी दात. खाच जुळवायची, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवायचे आणि न घाबरता दाबायचं. दोन्ही बाजूंचे पांढरे चाप उभे राहून टक टक वाजले की बसली. एकच टक वाजलं तर एक बाजू अधांतरी, आणि मग पडदा काळा आणि आतून लांबलचक रडका बीप. पहिल्यांदा तो बीप ऐकला तेव्हा मी घाबरून प्लगच उपटला होता.

हे सगळं मी दादरच्या एका हार्डवेअर क्लासात शिकले. वर्गात बाकी सगळे मुलगे आणि मी एकटी. सर पट्टी हातात द्यायचे तेव्हा म्हणायचे, ‘बांगड्या काढ आधी.’ मी बांगड्या घालतच नव्हते, पण त्यांचं म्हणून व्हायचं. क्लास संपला आणि गिरगावातल्या एका वाडीत, तळमजल्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मला नोकरी लागली. तिथे मालकाने मला काउंटरवर बसवलं. फोन घ्यायचे, मशीन आलं की वहीत लिहायचं, गेलं की खोडायचं. दुरुस्तीचं टेबल दोघा टेक्निशियनांचं.

“गिऱ्हाइकाला बाईचा आवाज गोड लागतो,” मालक म्हणाले.

माझा आवाज गोड नाही हे त्यांना आठवड्यात कळलं. मी रोज मागे लागले, सर, मला मशीन उघडू द्या. महिनाभर हे पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. मग एका सोमवारी वैतागून त्यांनी कोपऱ्यातला एक कॅबिनेट माझ्यासमोर ढकलला.

“हा घे दातांच्या दवाखान्यातला डबा. तिसऱ्यांदा आलाय. शनिवारपर्यंत चालू करून दिलास तर टेबलावर जागा तुझी. नाही जमलं तर परत स्क्रूड्रायव्हरचं नाव काढायचं नाही. बोल, मंजूर?”

मी मंजूर म्हटलं. ते दोघे टेक्निशियन एकमेकांकडे बघून हसले, कारण त्या मशीनपुढे त्यांनी आधीच हात टेकले होते. पॉवर सप्लाय बदलून झाला होता, विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं होतं. डॉक्टरीणबाईंची तक्रार एकच: सकाळी छान चालतं आणि साडेअकराच्या सुमाराला गोठतं. दर वेळी चूक वेगळीच दाखवतं. दर वेळी वेगळी चूक म्हणजे बहुतेक रॅम, एवढं मला क्लासात शिकवलेलं होतं. आत बत्तीस एमबीच्या दोन पट्ट्या होत्या. मी काउंटरच्या खणातलं खोडरबर काढलं आणि सोनेरी दात घासून लख्ख केले. एक पट्टी काढली, एकीवर चालवलं. मग दुसरीवर. मग जागा बदलून. दर वेळी काळ्या पडद्यावर आकडे सरसर वर चढत जायचे आणि मशीन मुकाट सुरू व्हायचं. दोन्ही पट्ट्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून एकीवर मी माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ते बघून टेक्निशियन पुन्हा हसले.

मशीन दवाखान्यात परत गेलं. गुरुवारी साडेअकराला फोन आला. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक आजोबा आ वासून बसले होते आणि त्यांच्या दाताची नोंद गोठलेल्या पडद्यामागे अडकली होती. मी धावत जाऊन दोन्ही पट्ट्या काढून आणल्या, त्यांच्या जागी दुकानातली एक तात्पुरती बसवली. मालकांनी फक्त बोटांनी दाखवलं, दोन दिवस राहिले.

पट्ट्या मी लालबागला घरी नेल्या. आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकीखाली, दुकानातल्या टाकाऊ भागांचं मी जोडलेलं एक मशीन होतं. त्याला झाकण नव्हतं. आई त्याला ‘उघडा बाबा’ म्हणायची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही पट्ट्या त्याच्यावर घासूनपुसून, उलटसुलट करून चालवल्या. दोन्ही गुणी बाळं. मी वर्तमानपत्रावर त्या पट्ट्या ठेवून बसले आणि मला चक्क रडू यायला लागलं. काउंटर, फोन आणि ती वही जन्मभर, एवढंच डोळ्यांपुढे दिसत होतं.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. साचेखात्यात एवढा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. मग ही माणसं ओठांवरून बोलणं वाचायची आणि हातांनी खुणा करायची. तळहात हवेत गोल फिरवला की ‘चालू दे, थांबू नको’. दोन बोटं एकमेकांवर चढवून खाली मोडली की ‘सूत तुटलं’. मी लहान असताना आईबाबा घरातसुद्धा या खुणांनी बोलायचे आणि पाहुण्यांसमोर बिनधास्त त्यांचीच चेष्टा करायचे. मग संप झाला. मिल पुन्हा उघडली तेव्हा आत घेतलेल्यांत बाबा नव्हते. खुणा थांबल्या. मिलने बाबांची नोकरी घेतली, त्याच्या आधी कानही घेतले होते. लिफ्टमन झाले, तर वरच्या मजल्यावरची घंटा ऐकू येईना. वॉचमन झाले, तर गेटबाहेरचा हॉर्न ऐकू येईना. दोन्हीकडून काढलं. त्यानंतर ते घरीच बसले. मशीन म्हणून जे काही असेल त्याला हात लावायचे नाहीत, पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा आई फिरवायची.

आणि मी काय केलं? वॉचमनची नोकरी गेली त्या दिवशी, एकोणीस वर्षांची मी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला आईजवळ भाजी निवडत बसले होते. अगदी हळू म्हणाले, “बाबा आता निकामीच झालेत.” आईलासुद्धा नीट ऐकू गेलं नसेल. बाबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना ऐकू येत नाही हे मी धरून चालले होते, पण वाचता येतं हे विसरले होते. यावर आमच्या घरात कधी कोणी शब्द काढला नाही.

तर त्या शुक्रवारी मी डोळे पुसत बसले असताना बाबा जवळ आले. वर्तमानपत्रावरची एक पट्टी त्यांनी उचलली, कडेला धरून, जशी मी धरत होते तशीच. म्हणजे इतके दिवस ते बघत होते.

“ह्यां काय गो?”

मी तोंड त्यांच्याकडे करून सावकाश सांगितलं. मशीनवर जे काम चालू असतं ते या पट्टीवर धरलेलं असतं, ही चुकली की मशीन मधेच थांबतं. दवाखान्यात थांबतं, इथे थांबत नाही.

“थंय ता मशीन खंय उभा असता?”

मी आठवून आठवून सांगितलं. टेबलाखाली, प्लायवूडच्या आडोशाला चिकटून. आडोशापलीकडे बाईंचं अवजारं उकळायचं भांडं. सकाळी पहिले पेशंट झाले की ते लावतात.

“आणि हंय झाकाण घातलं व्हतंस?”

“इथल्याला झाकणच नाही. दुकानातसुद्धा उघडं ठेवून तपासलं. डोक्यावर पंखा होता.”

बाबा हसले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं.

“थंड साचो खोटा बोलता, बाय. तेका गरम होऊं दे, मगे तो खरा काय ता सांगता.”

मग ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि बोलायला लागले. त्यांच्या खात्यात भिंतीलगत एक साचा होता, शेजारून वाफेचा पाइप जायचा. सकाळी तो साचा सुरळीत, दुपारी धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, अडकून कापड फाटायचं. दंड त्यावरच्या साचेवाल्याला व्हायचा. एके दिवशी बाबांनी आपला धोटा त्याला दिला आणि त्याचा आपण घेतला. वाफेजवळ त्याचा धोटा फुगायचा, बाबांच्या साच्यावर तोच धोटा वर्षभर चालला. “साचो वाईट काय धोटो वाईट काय मानूस वाईट, ता जागेर जावन, बदलून बघल्याशिवाय कळणा नाय,” ते म्हणाले. आई भात वाढायची थांबून बघत राहिली होती. तिच्या लेखी नवरा परगावाहून आला होता.

शनिवारी सकाळी बाबा माझ्याबरोबर निघाले. मी काही म्हटलं नव्हतं. धुतलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि कॉलरमध्ये घाम टिपायला खोचलेला रुमाल, मिलमध्ये जाताना खोचायचे तसा. लालबागहून गिरगावपर्यंत बसमध्ये त्यांनी एकदाच तोंड उघडलं, “झाकणाचे स्क्रू घेतलंस मा?”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं, विशेषतः बाबांकडे, आणि विचारलं, “हे तुमचे सर का?” मी हो म्हटलं.

आधी ठिपका नसलेली पट्टी एकटी बसवली. झाकण घातलं, सगळे स्क्रू आवळले, मशीन होतं तिथेच आडोशाला लावलं. पलीकडे भांडं उकळायला लागलं. बाबा स्टुलावर बसून कॅबिनेटवर तळहात ठेवून होते. पेशंट येत होते, गाल धरून जात होते. साडेअकरा वाजले, बारा वाजले. मशीन चालूच. मग ठिपक्याची पट्टी बसवली. पुन्हा झाकण, पुन्हा स्क्रू. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, की आज तरी होईल का? मी त्यांना काहीतरी धीराचं सांगत होते, आणि पडद्याकडे माझी पाठ होती. बोलता बोलता बाबांकडे नजर गेली. त्यांनी हात वर केला होता. दोन बोटं एकमेकांवर चढवून त्यांनी खाली मोडली.

मी वळून बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं होतं. माउस हलत नव्हता. बाबांनी ते माझ्याआधी बघितलं होतं. एका वेळी दोन साच्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला एक घड्याळ काय जड?

पुढचं काम सोपं होतं. दुकानातून दुसरी पट्टी आणून बसवली, मशीन आडोशापासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या अंगाला सरकवलं. संध्याकाळपर्यंत ते अखंड चाललं. मालकांनी खात्री करायला दवाखान्यात स्वतः फोन केला, तो ठेवला आणि टेबलावरचा एक स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे ढकलला. शाबासकी वगैरे काही नाही. फक्त म्हणाले, “आणि ती खराब पट्टी कचऱ्यात टाक.” सोमवारपासून मी टेबलावर बसले आणि पुढे बारा वर्षं त्याच टेबलावर होते. ते लाकडी टेबल, त्यावरचा सोल्डरचा वास, वाडीतल्या कुठल्यातरी घरातून दुपारी येणारी फोडणी, हे सगळं मला अजून हवंहवंसं वाटतं.

पट्टी मात्र मी कचऱ्यात टाकली नाही. बाबांना दाखवायची म्हणून शनिवारीच घरी घेऊन आले. ते हातपाय धुऊन बसले होते. मी ती त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “हीच ती. निकामी आहे. टाकून देते.”

शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं, मी कुठला शब्द वापरला ते.

बाबांनी पट्टी उलटीसुलटी बघितली. अंगठ्याने तो लाल ठिपका चाचपला.

“टाकू नको. ती वाईट नाय. थंय तिका उकडता, म्हणान थांबता. हंय वाऱ्याक लाव, चलात.”

मी उठले, खिडकीखालच्या उघड्या मशीनमध्ये ती पट्टी बसवली. टक टक दोन्ही चाप वाजले. बटण दाबलं, आकडे सरसर चढले, मशीन सुरू झालं. पुढे ते मशीन मोडीत जाईपर्यंत ती पट्टी एकदाही थांबली नाही.

त्या संध्याकाळी आई स्टोव्हला पंप मारत होती आणि बाबा समोरच्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते. खोलीच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, तेवढंच अंतर, जेवढं त्या दिवशी होतं. मला मोठ्याने बोलायची हिंमत होईना. मी आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हटलं, “बाबा, माझं चुकलं.”

त्यांनी कसलं काय, असं विचारलं नाही. उजवा तळहात वर केला आणि हवेत सावकाश गोल फिरवला. चालू दे, थांबू नको. मी झटकन मशीनकडे तोंड फिरवलं, कारण रडताना माझे ओठ थरथरत होते आणि तेही त्यांनी वाचले असते.