आप्पा, वळा

आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, लघवीतून रक्त पडत होतं. ते त्यांनी आधी कुणाला सांगितलंच नाही. दुखत नव्हतं ना. "उन्हाळी लागली असंल," म्हणून धन्याचं पाणी प्याले आणि रक्त थांबलं. दोन महिन्यांनी परत पडलं, परत धन्याचं पाणी. बीडजवळच्या पालीच्या माळावर दिवसभर मेंढरांमागं हिंडणारा माणूस, पाणी कमी पीत असेल, असं मलाही वाटलं. मी इकडं सुरतेत. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन इथं आले आणि धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. फोनवर मीच म्हणाले होते, "धन्यासंगं जिरं बी टाका." ते बोलणं अजून मनातून जात नाही.

शेवटी बीडला सोनोग्राफी झाली, मग दुर्बीण घालून बघितलं. लघवीच्या पिशवीत आतून गाठ होती, कॅन्सरची. डॉक्टरांनी ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली. म्हणाले, अजून खोल गेलेली नाही, पण ही परत येते. म्हणून सहा आठवडे, दर गुरुवारी, नळीनं पिशवीत टीबीची लस सोडायची.

"मला टीबी न्हाई, मग टीबीची लस कावून?" आप्पांनी विचारलं.

लसीनं अंगातली ताकद तिथं जागी होते आणि कॅन्सरच्या मागं लागते, असं डॉक्टरांनी समजावलं.

"म्हंजी झोपलेल्या कुत्र्याला खडा मारून उठवायचं, लांडगा आलाय म्हणून."

डॉक्टर लई हसले, असं मायनं मला सांगितलं.

लस सोडल्यावर दोन तास लघवी धरून दवाखान्यातच पडायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. पाठ, डावी कूस, पोट, उजवी कूस. माय म्हणाली, "मी इसरन बाई." मग मीच म्हणाले, मी फोन करते. कारखान्यात आमचे फोन गेटवर जमा करावे लागतात. शिफ्ट बघणाऱ्या गुजराती बाईनं, आम्ही तिला बेन म्हणायचो, माझा फोन दर गुरुवारी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी मला लावू दिला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

"आप्पा, वळा."

"वळलो. भाकर भाजाय लागलीस जणू. करपन की मी."

"करपू नये म्हणून तर फोन करती."

आधी माझा फोन पंधरा दिवसांतून एकदा व्हायचा, तोही मायशीच. आप्पा नुसतं "बरं हाय का" म्हणायचे आणि फोन परत मायच्या हातात. आता दोन तासांत आठ फोन. कुठली मेंढी व्याली, धरणाचं पाणी कुठवर आलंय, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कसा घोरतो, सगळं सांगायचे.

पाचव्या गुरुवारी बेन रजेवर होती. फोन गेटवरच राहिला. दुसऱ्या बाईला मी हात जोडले, पण ती काही ऐकेना. जेवणाच्या सुटीत पळत जाऊन फोन लावला तेव्हा दोन तास कधीच उलटून गेले होते.

"पाठीवरच पडून ऱ्हायले गं," माय म्हणाली. "मी म्हनलं वळा, घड्याळ समोर हाय. तर म्हणतेत, थांब, तिचा फोन येतोय."

तीन महिन्यांनी परत दुर्बीण घातली. गाठ परत आली होती, या वेळी खोल, पिशवीच्या स्नायूत. आता सगळी पिशवीच काढावी लागणार होती, आणि लघवीसाठी पोटावर बाहेरून दुसरी पिशवी लावायची. मी रजा काढून गेले. आप्पांना बाहेर बसवून डॉक्टरांपुढं रडले, "एका गुरुवारी माझा फोन गेला न्हाई."

"ताई, त्यानं काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "कूस बदलून फरक पडतो का, हेच अजून नक्की नाही. काही ठिकाणी तर सांगतही नाहीत. ही लस काहींना लागूच पडत नाही. कुणाला पडणार हे आधी ओळखायचं संशोधन चाललंय."

पालीला जाताना जीपमध्ये मी आप्पांना म्हणाले, "उगंच तुमाला तरास दिला. न्हाई वळलं तरी चाललं असतं म्हणं."

आप्पा बाहेर बघत होते. "बरं झालं आधी कुणी सांगितलं न्हाई," म्हणाले. "मग तू फोन कशाला केला असतास?"

ऑपरेशनला ते नाहीच म्हणाले. पोटाला पिशवी बांधून मेंढरांमागं कसं हिंडू, एवढंच. मायनं विनवलं, मी पाया पडले. पुढचा पावसाळा त्यांनी काढला नाही.

शेवटी मी तिथंच होते. बेननं माझी जागा राखून ठेवली होती. आप्पांना आपली आपण कूस वळवता येत नव्हती, मी हातांनी वळवायचे. त्यांच्या अंगात काही राहिलं नव्हतं, माझ्या एका हातानंही वळायचे. मधूनच डोळे न उघडता विचारायचे, "झाली का गं पंधरा मिन्टं?"

"झाली, आप्पा," मी म्हणायचे आणि वळवायचे. झालेली नसली तरी.