निळ्या उजेडातली पेशी

पीएचडीच्या दिवसांत आमच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीवर माझाच दरारा होता. तिथं डापी नावाच्या रंगाचं काम चाले. तो पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकात अतिनील प्रकाश सोडला की केंद्रक निळं उजळतं. पण त्या प्रकाशात बघत राहिलं की विझत जातं. म्हणून आधी फोटो, मग कौतुक. कुणी उगीच डोळा लावून बसलं की मी अंगावरच जायचे.

त्या दुपारी, पंधरा दिवसांच्या खटपटीनंतर, रानकांद्याच्या मुळात मला हवी ती पेशी सापडली. एकीच्या दोन होता होता थांबलेली. संध्याकाळी शोधनिबंधाबरोबर तिचा फोटो जायचा होता. मी प्रकाश बंद केला आणि कॅमेऱ्याचा संगणक लावला. तो म्हातारा, जागा व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात उचगावहून आई आली, शिलाईचं मशीन झाकून, माझा डबा घेऊन.

चार वर्षं ती लोकांना "लेक कॉलेजात कायतरी करती" एवढंच सांगत होती. म्हटलं, क्षणभर दाखवू. मी प्रकाश सोडला.

"अगं, निळं हाय की! धुण्याला नीळ घालतो तसलं!" मग ती डोळा लावून बघतच राहिली.

पंखा हळू फिरत होता. तिच्या चष्म्याच्या काचेवर निळा ठिपका थरथरत होता. आम्ही दोघी डोहाच्या तळाशी बसलोय आणि वरून दिवस वाहत चाललाय, असं काहीसं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. ऊठ म्हणायला जीभच उचलेना.

"दिसतंय का अजून?"

"व्हय की."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "व्हय."

संगणक जागा झाला. मी डोळा लावला, तर नुसता काळोख.

"आई, ह्यात कायबी न्हाय! मग एवढा वेळ काय बघत हुतीस?" माझा आवाज चढला.

"ते कवाच गेलतं," ती खाली बघत म्हणाली. "तू एवढ्या हौसेनं दाखवत हुतीस. दिसत न्हाय म्हणायला जिवावर आलं."

मला राग आला आणि रडूही आलं. अंधार होता म्हणून निभावलं.

"माझ्यामुळं काय बिघडलं न्हाय नव्हं?"

"न्हाय गं," मी म्हणाले. "असल्या ढिगानं हायत."