रहीम सरांनी मला नापास केलं होतं

काल शोकसभेत मी खोटं बोलले.

तेही रहीम सरांबद्दल. ज्यांच्यामुळे मी आज कॉलेजात स्पॅनिश शिकवते, त्यांच्याबद्दल.

सर मागच्या आठवड्यात गेले. चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, इद्दतमध्ये आहेत; नवऱ्यामागचा तो शोककाळ संपेपर्यंत घराबाहेर पडत नाहीत. म्हणून सभेला त्यांचा मुलगा साजिद आला होता, पुण्याहून. पहिल्या रांगेत एकटाच बसला होता.

सर मूळचे मेकॅनिक, खाणीतल्या मशिनी दुरुस्त करणारे. कंपनीने चिलीला पाठवलं, तिथे भाषा शिकले. परत चंद्रपूरला आले, परीक्षा दिल्या आणि विद्यापीठाच्या बेसिक स्पॅनिश कोर्सला शिकवायला लागले. ही कथा सभेत सगळ्यांनी सांगितली.

मग आमचे एक सीनियर सर उठले. माणूस चांगला, पण माइक हातात आला की सुटतो.

"रहीम सरांचे नियम फक्त कागदावर हो! मन लोण्याचं. सगळ्यांना पास. सरांनी कोणाला नापास केलं असेल तर हात वर करा!"

हॉलभर हशा.

माझा हात मांडीवरच राहिला.

मागे माझे विद्यार्थी बसले होते. मॅडम स्वतः बेसिकमध्ये नापास, हे दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये फिरलं असतं. एवढीच भीती. एवढ्याशा भीतीपायी!

आणि नंतर माझं नाव पुकारलं, तेव्हा मी काय बोलले? "सरांनी आम्हा सगळ्यांना सांभाळून घेतलं."

टाळ्या पण पडल्या.

आता खरं ऐका.

पहिल्या तासाला सर नियमांचा कागद वाटायचे. पंच्याहत्तर टक्के हजेरी. दहा मिनिटं उशीर झाला की दार बंद. मोबाइलवर ट्रान्सलेट केलेला होमवर्क परत. वर्गात मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं बंद. आणि शेवटी जाड अक्षरात: तोंडी परीक्षेत पाठ केलेलं उत्तर चालणार नाही. तोंडीत नापास तो कोर्समध्ये नापास, लेखीत कितीही मार्क असोत.

मराठी बंद म्हटल्यावर मी मनातून खूश झाले होते. मी एटापल्लीकडची. आमच्या घरात माडिया बोलतात. मराठी मी शाळेत शिकले, आणि ती बोलले की शहरातल्या पोरी एकमेकींकडे बघायच्या. इथे तर सगळेच मुके. म्हटलं, चला, एकदाची बरोबरी झाली.

लेखीत मी वर्गात पहिली. तोंडीसाठी वीस प्रश्नांची उत्तरं घोकून गेले.

सरांनी विचारलं, तुझी आई काय काम करते?

हा प्रश्न माझ्या वीसात नव्हता. मी धडाधड माझे छंद सांगितले. वाचन, संगीत, प्रवास. प्रवास म्हणे! एटापल्ली ते चंद्रपूर.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नापास लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबा गावाहून आले. नवा शर्ट घालून सरांसमोर उभे राहिले.

"सर, पोरगी हुशार आहे जी. लेखीत पयली आहे. करून टाका ना पास."

"भाऊ, पास कराले मले एक मिनिट लागते," सर म्हणाले. "पण उद्या हिले कोणी इचारलं, तुही आई काय करते, तं हे काय सांगन? छंद?"

बाबा हात जोडून परत गेले. मी मात्र महिनाभर सरांना मनात शिव्या घातल्या.

त्या सुट्टीत मी घरी तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं, तोडायला जात होते. संध्याकाळी सरांचा फोन यायचा. फेरपरीक्षा होईपर्यंत. त्यांचा एकच प्रश्न, स्पॅनिशमध्ये: आज काय केलंस?

पहिल्यांदा मी फक्त "पान" म्हणाले. मग "खूप पान". मग "आई आणि मी, जंगल, खूप पान". मी अडखळले तरी सर मधे बोलायचे नाहीत. फोनवर नुसता त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज. माझं वाक्य संपलं की मग चूक सांगायचे.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला पूर्ण बोलू दिलं होतं.

फेरपरीक्षेत सरांनी आईबद्दलच विचारलं. मी बोलत राहिले. किती चुकले ते सरांनाच माहीत. काठावर पास केलं. एक मार्कही वर नाही.

एवढंच काल सांगायचं होतं. माइक हातात होता. मराठीत सांगायचं होतं. तरी जमलं नाही.

आज सकाळी चाचींना भेटायला गेले. म्हटलं, निदान साजिदला तरी सांगू.

"तो तं पहाटेच्या गाडीनं गेला बेटा," चाची म्हणाल्या. "सुट्टी नाई म्हणे."

मग मला जवळ बसवलं.

"रात्री सभेतून आला. जेवला नाई. म्हणे, अम्मी, अब्बूनं जिंदगीभर फुकटचे मार्क वाटले काय? सगळे हसत होते, म्हणून मीबी हसलो."

मला वर बघवेना.

"तू होती ना तिथी? खरं आहे काय हे?"

मी सगळं सांगितलं. चाची रडल्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, पाणी आणून दिलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साजिदचा नंबर घेतला आहे. दोनदा लावला, उचलला नाही. फ्रेंडलिस्टमध्ये आहे म्हणून इथे लिहिते आहे. माझे विद्यार्थीही वाचतील. वाचू देत.

साजिद, तुझ्या अब्बूंनी फुकट एक मार्क दिला नाही रे. मला नापास केलं होतं. काल तू हसलास, ते मी हात वर केला नाही म्हणून. चूक माझी आहे, त्यांची नाही.

सर, माफ करा. तुम्हाला माझा शेवटचा सलाम.