सहीच्या पानावरचा शिक्का

त्या पुस्तकचोरीचा विषय निघाला की मी आजही अस्वस्थ होतो. मोठमोठे दरोडे विसरलो, ही चोरी विसरलो नाही.

राज्य पुनर्रचनेचे दिवस होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता आणि हैदराबादेतली मराठी नोकरदार घरं सामान बांधत होती. मी गौलीगुड्याजवळच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. लोक जुन्या सवयीने 'अमीनसाब' म्हणत. एके सकाळी एक निवृत्त शिक्षक फिर्याद घेऊन आले. मुलाची बदली औरंगाबादला झाली होती, महिनाअखेर सगळे निघणार होते. पेटी भरताना एक पुस्तक सापडेना. कवितासंग्रह, पहिली आवृत्ती, पहिल्याच पानावर कवीची सही आणि खाली त्याच अक्षरात 'हैदराबाद'. शिक्षकांना अशा सह्यांच्या पुस्तकांचा नाद होता. कपाटभर जमवली होती.

"किंमत काय लिहू?" मी विचारलं.

"छापील किंमत बारा आणे. पण ते नाही मिळालं तर मी इथून रिकाम्या हातानं चाललो, असं लिहा."

फिर्यादीत असलं काही लिहीत नसतात. मी बारा आणे लिहिलं.

जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, हाती काही लागेना. चौथ्या दिवशी गल्लीतला पुस्तकं बांधणारा म्हातारा स्वतःहून ठाण्यात आला. "अमीनसाब, मलकपेठ के एक साब किताब के वास्ते डब्बा बनाओ बोले. मखमल लगाको. अब बेचने वाला मखमल कायकू लगाता?"

त्याने सांगितलेला पत्ता शिक्षकांच्या जिवलग मित्राचा निघाला. निवृत्त कारकून, सरळमार्गी माणूस. निर्ढावलेला चोर डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. हे गृहस्थ माझ्या प्रत्येक प्रश्नाला कपाटाकडे बघत होते. मी नुसता कपाटापाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा ते खाली बसले.

"सही घेतली तेव्हा मी शेजारी उभा होतो. पेन माझं होतं," ते म्हणाले. "दर रविवारी आम्ही दोघं ते पुस्तक काढून बसतो. आता तो चालला. पुस्तकही चाललं. मग माझ्याकडं काय राहिलं, अमीनसाब?"

मला तेव्हा कबुली मिळाल्याचा आनंद जास्त होता. लगेच पंचनाम्याला बसलो. जप्त वस्तूवर पंचांच्या सह्या घ्यायचा आमचा शिरस्ता. चाकूला चिठ्ठी बांधावी लागते, पुस्तक तर कागदाचंच आहे, असा विचार करून मी पहिलं पान पंचांपुढे धरलं.

"अहो, तिथं नको. मागच्या पानावर घ्या," कारकून कळवळून म्हणाले.

"मुद्देमालाला हात लावायचा नाही," मी दरडावलं.

एका पंचाने उर्दूत सही केली, दुसऱ्याने तेलुगूत. खाली मी झोकात माझी ठोकली आणि ठाण्याचा शिक्का उमटवला. त्याची कड कवीच्या नावावर चढली.

ओळख पटवायला शिक्षक ठाण्यात आले. चोर कोण हे त्यांना कळलं होतं. त्यांनी आधी पान उघडलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"मी. नियम आहे."

"त्यानं अडवलं नाही तुम्हाला?"

"अडवलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग माझी तक्रार नाही."

असं चालत नाही, हे समजवावं लागलं. शेवटी कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली आणि पुस्तक शिक्षकांना मिळालं. पुढे बाजारात कारकून भेटले. निघायच्या दिवशी शिक्षक मलकपेठेला जाऊन पुस्तक त्यांच्या हाती देऊन गेले होते. "रविवारी एकटाच काढून बसतो," ते म्हणाले, "आणि तुमच्या नावानं बोटं मोडतो."

त्यानंतर मी मुद्देमालावर सही केली नाही, वेगळी चिठ्ठी लावत गेलो. हातातली वस्तू कुणाची कोण आहे, हे आधी विचारायला शिकलो.

वर्षभराने माझंही नाव मुंबई राज्याच्या यादीत आलं. मी सामान बांधलं, मोजलं, गाडीत चढवलं. एकही वस्तू कमी भरली नाही; माझं काही ठेवून घ्यावंसं कुणालाच वाटलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.